रिंग वाजते, चेहरा दिसत नाही

घरात नवा राउटर बसवल्यावर सर्वांत चक्रावून टाकणारी तक्रार अशी असते: बाकी सगळं झकास चालतं, फक्त व्हिडिओ कॉल लागत नाही. यूट्यूब अडकत नाही, बँकेचं ॲप उघडतं, वेगाची चाचणी घेतली तर आकडा जुन्या राउटरपेक्षा मोठा येतो. पण परदेशातल्या मुलीचा कॉल आला की रिंग वाजते, आई हिरवं बटण दाबते आणि पडद्यावर 'कनेक्टिंग' एवढंच फिरत राहतं. कधी चेहरा दिसतो, आवाज नाही. कधी आपलं बोलणं तिकडे पोचतं, तिकडचं इकडे येत नाही. घरातले म्हणतात, नेट खराब आहे. नेटवाला येतो, वेग मोजून दाखवतो आणि सांगतो, नेट ठीक आहे. आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात.

याचं कारण असं, की व्हिडिओ कॉल इंटरनेटकडे अशा दोन गोष्टी मागतो ज्या एरवी कोणी मागत नाही. पहिली, बाहेरून निघालेलं पॅकेट घरात शिरू शकलं पाहिजे. दुसरी, ते वेळेत शिरलं पाहिजे. वेबपान उघडताना किंवा सिनेमा पाहताना मागणी आपल्या घरातून जाते आणि तिचं उत्तर त्याच वाटेने परत येतं. एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं, आणि पुढची दहा-वीस सेकंदं आधीच साठवलेली असल्याने पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. संभाषणात अशी साठवण करता येत नाही. समोरच्याचं बोलणं साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं अशा गतीने येतं. उशिरा आलेला तुकडा फेकून द्यावा लागतो. म्हणून कॉलची ॲपं शक्यतो यूडीपी ही पद्धत वापरतात. डेव्हिड रीड यांनी तिची रचना केली आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. पॅकेट पोचलं की नाही याची ती विचारपूस करत नाही, पाठवून मोकळी होते.

वेगाचा इथे संबंध फार थोडा. चांगल्या चित्राच्या कॉलला एक ते चार एमबीपीएस पुरतात. शंभरचा प्लॅन तीनशेचा केल्याने न लागणारा कॉल लागत नाही, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्यावं.

तेव्हा पहिला प्रश्न असा: कॉल जोडलाच जात नाही, की जोडल्यावर तुटक चालतो? पहिल्यात बहुधा पत्त्याचा घोळ असतो, दुसऱ्यात वायफायचा किंवा राउटरमध्ये साचणाऱ्या रांगेचा. आणि रिंग वाजली म्हणजे वाट मोकळी आहे असं समजू नका. रिंग ॲपच्या सर्व्हरमार्फत, वेबपानाच्याच पद्धतीने येते. आवाज आणि चित्र यांची वाट वेगळी असते, आणि ती तुम्ही हिरवं बटण दाबण्याच्या सुमारास शोधली जाते.

आधी अर्धं वगळा

राउटर रीसेट करण्याची घाई बहुतेक घरांत होते आणि तिने काम वाढतं, कारण जोडणीचं युजरनेम आणि पासवर्डही त्यात पुसले जातात. त्याऐवजी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवा. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर त्याच माणसाला त्याच ॲपवरून कॉल करा. तरीही लागला नाही तर राउटर निर्दोष आहे. फोनमधली कॅमेरा-माइकची परवानगी पाहा, किंवा समोरच्याच्या घरात शोध घ्यायला सांगा. लागला, तर लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो लॅनच्या वायरने नव्या राउटरला जोडा आणि कॉल करा. वायरवर कॉल स्वच्छ चालला तर दोष वायफायचा. वायरवरही तेच रडगाणं असेल तर ती वायर राउटरमधून काढून कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला लावा. इथे कॉल लागला तर नव्या राउटरच्या मांडणीत चूक आहे. इथेही लागला नाही तर गोष्ट कंपनीच्या हद्दीत गेली.

आणखी एक खूण फार उपयोगाची आहे. झूम किंवा गूगल मीटवरच्या सभांमध्ये प्रत्येकाचं चित्र कंपनीच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून वाटलं जातं. दोघांमधला व्हॉट्सॲप कॉल मात्र शक्य असेल तेव्हा थेट एका घरातून दुसऱ्या घरात जातो. सभा नीट चालते आणि दोघांचा कॉल तेवढा अडतो, असं असेल तर संशय पत्त्यांवर घ्या. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२३ मध्ये गोपनीयतेच्या सेटिंगांमध्ये कॉलदरम्यान आपला आयपी पत्ता लपवण्याची सोय दिली. ती चालू केली की सगळे कॉल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरमार्फत जातात. ती चालू करून पाहिल्यावर अडणारा कॉल सुरळीत झाला, तर निदान जवळजवळ पक्कं झालं.

गेटवरची वही

इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचे आहेत. त्यांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. जगातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एका टिपणात तोडगा मांडला: घरातल्या सगळ्या यंत्रांना खासगी पत्ते द्या आणि बाहेर जाताना राउटरने ते सार्वजनिक पत्त्यात बदलावेत. यालाच नॅट म्हणतात. खासगी पत्त्यांच्या तीन मालिका १९९६ मध्ये पक्क्या झाल्या: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. आपल्या राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता त्यांतलाच.

नॅटचं काम मोठ्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं चालतं. आतून कोणी बाहेर गेलं की तो वहीत नोंद करतो, आणि बाहेरून कोणी आलं की वहीत पाहतो: याला कुणी बोलावलं होतं का? नोंद असेल तर आत सोडतो, नसेल तर परत पाठवतो. वेबपानाचं उत्तर नोंदीमुळे आत येतं. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र दोन्ही घरांच्या गेटवर वॉचमन आहेत आणि दोघांच्याही वहीत समोरच्याची नोंद नाही.

यावरचा उपाय मला इंटरनेटच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो. दोन्ही फोन आधी बाहेरच्या एका मदतनीस सर्व्हरला विचारतात, 'मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतो?' या विचारपुशीचं नाव स्टन, आणि तिचं पहिलं प्रमाणपत्रक २००३ चं. मिळालेले पत्ते दोघं ॲपमार्फत एकमेकांना कळवतात आणि साधारण एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेटं सोडतात. आपलं पॅकेट बाहेर पडताना आपल्या वहीत नोंद होते, त्यांचं बाहेर पडताना त्यांच्या. पहिली एक-दोन पॅकेटं वाया जातात, पुढची दोन्हीकडे आत घेतली जातात. ब्रायन फोर्ड, प्यदा श्रीसुरेश आणि डॅन केगल यांनी २००५ मध्ये या युक्तीचा नीट अभ्यास मांडला. ती फसली तर शेवटचा पर्याय टर्न नावाच्या मध्यस्थ सर्व्हरचा. सगळं चित्र त्याच्यामार्फत फिरतं, कॉल लागतो, पण वळसा पडतो.

ही युक्ती फसते ती मुख्यतः एका जातीच्या वॉचमनमुळे. काही राउटर प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट क्रमांक, म्हणजे पत्त्याला जोडलेला दाराचा क्रमांक, देतात. मदतनीस सर्व्हरला दिसलेला क्रमांक मग मुलीच्या फोनसाठी निरुपयोगी ठरतो. याला सिमेट्रिक नॅट म्हणतात. जुना राउटर या जातीचा नसेल आणि नवा असेल, तर कॉलची वाट एका रात्रीत बदलते आणि घरात कोणाला काही कळत नाही.

भारतात फायबरच्या जोडणीवर नवा राउटर लावताना याहून जास्त वेळा घडतं ते दुहेरी नॅट. कंपनीचा ओएनटी स्वतःच राउटर असतो. त्याच्या लॅन पोर्टातून वायर काढून आपण बाजारातून आणलेल्या राउटरच्या वॅन पोर्टाला लावतो. आता एका गेटच्या आत दुसरं गेट, दोन वह्या. हे ओळखायला नव्या राउटरच्या ॲडमिन पानावर जाऊन वॅनचा किंवा इंटरनेटचा आयपी पत्ता पाहा. तो १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एकाने सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा दुहेरी नॅट आहे. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर दुसरं गेट कंपनीच्या कार्यालयात आहे. त्यासाठी हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला, कारण पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि आशिया-प्रशांत विभागाचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये. हजारो घरांनी एक सार्वजनिक पत्ता वाटून घेण्याची ती व्यवस्था आहे.

दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असेल तर गोंधळ आणखी वाढतो. बरेच नवे राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, सगळे नाही. आणि वायर चुकून नव्या राउटरच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात गेली, तर घरात पत्ते वाटणारे दोन अधिकारी तयार होतात. मग एक फोन चालतो, दुसरा चालत नाही, आणि उद्या उलटं होतं.

बहुतेक घरांसाठी माझा सल्ला एकच: नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. ॲडमिन पानावर ही निवड बहुधा 'ऑपरेशन मोड' या नावाखाली असते. मग पत्ते आणि नॅट ओएनटी सांभाळतो, नवा राउटर फक्त चांगलं वायफाय देतो, आणि वह्या एकावर येतात. दुसरा मार्ग ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरण्याचा. तो जास्त ताकदीचा आहे, पण बहुधा कंपनीच्या मदतीने करावा लागतो, आणि ओएनटीला लँडलाइनचा फोन जोडलेला असेल तर तो बंद पडणार नाही ना, हे आधी विचारून घ्या.

आता एक गोष्ट, जी मदतीच्या फोनवर कोणी सांगत नाही. नव्या राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू आहे का ते पाहा. हे नवे पत्ते १२८ बिटांचे. ते इतके आहेत की प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅटची गरजच राहत नाही. फायरवॉल पहारा देतो, पण पत्ता बदलत नाही, म्हणून वरची युक्ती सहज लागू पडते. आयपीव्ही६च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. कंपनीच्या जुन्या डब्यात ते मुकाट्याने चालू होतं आणि मुलीशी होणारे कॉल त्याच वाटेने जात होते, अशी शक्यता चांगलीच आहे. बाजारातल्या काही राउटरांत ते सुरुवातीला बंद असतं. तो लावला की वाट बंद होते, कॉल दोन वह्यांच्या किंवा मध्यस्थाच्या रस्त्याने जाऊ लागतो, आणि दोष नव्या राउटरच्या 'क्वालिटी'वर जातो. ॲडमिन पानावर आयपीव्ही६ चालू करा. फोनच्या वायफाय माहितीत २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला की काम झालं. फक्त एफई८० ने सुरू होणारा दिसत असेल तर तो घरापुरताच आहे, बाहेरची जोडणी अजून मिळालेली नाही.

कॉल लागतो पण ठरावीक वेळाने तुटतो, ही खूणही वहीचीच. काही राउटर यूडीपीच्या नोंदी फार लवकर खोडतात. २००७ च्या एका तांत्रिक दस्तऐवजाने किमान दोन मिनिटं नोंद ठेवा, शक्यतो पाच, असं सांगितलं होतं, पण सगळे ते पाळत नाहीत. ऑफिसच्या इंटरनेट फोनवरचा कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करा. सिप या इंटरनेट फोनच्या पद्धतीत कॉल उचलल्याची पोच मिळाली नाही तर यंत्र ३२ सेकंद वाट पाहून कॉल सोडतं, आणि एएलजी ही मदतीसाठी म्हणून बनवलेली सोय पॅकेटातले पत्ते चुकीचे बदलून नेमकी ती पोच हरवते.

वायफाय आणि रांग

चाचणीत दोष वायफायचा निघाला तर कारणं वेगळी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल सोयीने तीनच: १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये पंधरा-वीस राउटर याच तीन चॅनेलवर असतात, आणि मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झला चालतो. कॉलसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरा. काँक्रीटच्या भिंतीत तो लवकर मरतो, म्हणून राउटर टीव्हीच्या मागच्या कपाटातून काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवा.

या ५ गिगाहर्ट्झमध्येही एक खाचखळगा आहे. ५२ ते १४४ क्रमांकांचे चॅनेल रडारही वापरतात. राउटरला रडारचा मागमूस लागला की त्याने काही सेकंदांत चॅनेल सोडायचं, असा नियम आहे. 'ऑटो'वर ठेवलेला नवा राउटर मोकळा म्हणून तिथे जाऊन बसतो, आणि विमानतळ किंवा हवामानाचं रडार जवळ असेल तर एखाद्या दिवशी कॉल कारणाशिवाय तुटतो. हाताने ३६ ते ४८ मधला चॅनेल ठेवा. नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. हातात फोन घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरात गेलं की फोन पट्टा बदलतो आणि तेवढ्यात चित्र गोठतं. त्रास होत असेल तर दोन नावं वेगळी करा. ओएनटीचं स्वतःचं वायफाय चालू राहिलं असेल आणि दोन्ही डबे शेजारी असतील तर ते बंद करा. आजोबांचा जुना टॅब जोडलाच जात नसेल तर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर नाही ना, ते पाहा. मिश्र पर्याय निवडला की तो आत येतो.

वायरवर आणि वायफायवर दोन्हीकडे कॉल जोडला जातो, पण घरात कोणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की बोलणं रोबोसारखं होतं, तर राउटरमधली रांग तुंबते आहे. तेव्हा बेल लॅब्समध्ये काम करणारे जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या जोडणीवर हे दिसलं. स्मृती स्वस्त झाल्याने उपकरणांमध्ये भल्यामोठ्या रांगा ठेवल्या गेल्या होत्या. एकही पॅकेट टाकून द्यायचं नाही या हट्टाने प्रत्येक पॅकेट शेकडो मिलिसेकंद थांबत होतं. त्यांनी याला बफरब्लोट असं नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली.

दूरच्या कॉलला हे का सोसत नाही, याचा हिशोब सोपा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला की संभाषण सहज चालतं. पुणे ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जवळपास ६८ मिलिसेकंद फक्त प्रवासातच गेले, आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत नसतात. उरलेल्या थोड्या वेळात घरच्या राउटरने २०० मिलिसेकंद खाल्ले तर दोघं एकाच वेळी बोलू लागतात, एकाच वेळी थांबतात.

तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरच्या पत्त्याला पिंग करा आणि त्याच वेळी मोठी फाइल अपलोड करा, मग बाहेरच्या ८.८.८.८ ला तेच करा. राउटरचा आकडा एक-दोन अंकी राहून बाहेरचा शेकड्यांत गेला तर रांग. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल तर वायफाय. उपाय राउटरच्या क्यूओएस किंवा एसक्यूएम सेटिंगमध्ये आहे: मोजलेल्या अपलोड वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा घाला. इथे मात्र आधीचा सल्ला आड येतो. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये गेलेला राउटर ही रांग सांभाळू शकत नाही. ज्या घरात दोघं दिवसभर ऑफिसच्या कॉलवर असतात, तिथे ब्रिज मोडचा खटाटोप सार्थकी लागतो.

आणि हे सगळं करूनही, ओएनटीला थेट वायर लावूनही कॉल अडला, तर कंपनीला फोन करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका. ते वेग मोजतील आणि तक्रार बंद करतील. सांगायचं ते असं: ओएनटीला थेट वायर लावली आहे, ग्रुप कॉल चालतो, दोघांमधला कॉल जोडला जात नाही, वॅन पत्ता १०० ने सुरू होतो, आयपीव्ही६ मिळत नाही. ही वाक्यं ऐकली की तक्रार वेग मोजणाऱ्याच्या पुढे सरकण्याची शक्यता वाढते. स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे फक्त तुमच्या घराच्या कायमच्या सार्वजनिक पत्त्यासाठी, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे मोजावे लागतात, म्हणून आधी आयपीव्ही६ चालू करून मागा.